टिंबीचा पहिला फॉर्म

सोमवारी सकाळी साहेब ऑफिसात आले ते कपाळाला हात लावूनच. त्यांच्याकडचा फॉर्म रचणारा माणूस आदल्या संध्याकाळी नोकरी सोडून गेला होता. तोही फोनवर दोन ओळींचा निरोप टाकून. आणि गुरुवारी अकरा वाजता शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोंदणीचा फॉर्म दाखवायचा होता. पेशंट आला की काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवर त्याचं नाव, वय, तक्रार भरते ना, तो फॉर्म. त्याआधीचे दोन फॉर्म इस्पितळाच्या हेडक्लार्क बाईंनी अशा शब्दांत परत पाठवले होते की साहेबांनी ते पत्र ऑफिसात कोणाला वाचूनसुद्धा दाखवलं नव्हतं. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न.

"कोण करणार?" साहेबांनी विचारलं.

प्रोग्रॅम लिहिणारे सात जण खोलीत होते. सातांपैकी सहांना एकदम आपापल्या कपातला चहा फार महत्त्वाचा वाटू लागला. खिडकीशेजारच्या टेबलावरून आवाज आला, "मी करते."

ही टिंबी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या तिच्या बाबांना ती अनुस्वाराच्या टिंबाएवढी वाटली. ते नाव त्यांनी एकदा ऑफिसच्या फोनवर घेतलं आणि तेव्हापासून ती जगाची टिंबी झाली. वय एकोणतीस. तिला जन्मापासून दिसत नाही. सहा वर्षं ती ह्या ऑफिसात होती आणि प्रोग्रॅमच्या पोटातलं काम करत होती. म्हणजे फॉर्ममध्ये भरलेलं नाव कुठे साठवायचं, चुकीची तारीख कशी पकडायची, असलं. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम तिला कानात वाचून दाखवायचा. त्याचा वेग तिनं इतका वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कोणी तिचे हेडफोन कानाला लावले तर नुसती गुणगुण ऐकू यायची. ऑफिसनं त्या आवाजाचं नाव ठेवलं होतं भुंगा. भुंग्याच्या जोरावर टिंबी त्या सातांत सगळ्यात कमी चुका करायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण फॉर्म हा प्रोग्रॅमचा चेहरा. तो तिच्या हाती कधी कोणी दिला नव्हता.

साहेब भला माणूस. अवघडल्यावर त्यांचा आवाज खाली जायचा, तसा आता गेला. "अगं, पण हे दिसण्याचं काम आहे."

"साहेब, प्रत्येक रकान्याला चार आकडे असतात. डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. आकडे मला येतात."

"ते खरं. पण..."

"सहा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म सोसतेय मी. टॅब दाबला की नावावरून उडी थेट फॅक्स नंबरवर. बटणावर गेलं की भुंगा म्हणतो, 'बटण'. कसलं बटण ते कोणी लिहिलेलंच नसतं. एकदा मला करू द्या."

साहेबांकडे दुसरा इलाज नव्हता, हेही खरंच. ते म्हणाले, "ठीक आहे. बाईंनी पास केला तर इस्पितळाचे उरलेले नऊ फॉर्मही तुझेच. नाही केला तर मात्र बाहेरून माणूस आणावा लागेल आणि तू परत आतल्या कामावर. मग मला पुन्हा विचारू नकोस."

टिंबी बरं म्हणाली, काठी उचलली, शांतपणे बायकांच्या बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि दोन उड्या मारल्या. तिसरी मारताना कोपर नळाला लागलं, म्हणून थांबली.

दुपारी ती इस्पितळाच्या नोंदणीच्या दालनात जाऊन बसली. बाकावर, काउंटरपासून चार हातांवर. तीन तास काहीही न करता नुसतं ऐकलं. बाकावरच्या एका आजींनी दोनदा विचारलं, बाळ, तुझा नंबर नाही का आला? टिंबी म्हणाली, येईल.

तिला काय सापडलं, सांगतो. काउंटरला येणारा माणूस कधीही आधी नाव सांगत नाही. "पोटात दुखतंय हो." "आईचा पाय मुरगळलाय." "हिला तीन दिवस ताप आहे." दुखणं आधी, नाव नंतर. आणि इस्पितळाच्या जुन्या फॉर्मात तक्रारीचा रकाना होता सगळ्यात शेवटी, पत्त्याच्याही खाली. त्यामुळे काउंटरवरची मुलगी ते पोटदुखणं डोक्यात धरून नाव विचारायची, वय विचारायची, पत्ता विचारायची आणि शेवटी म्हणायची, "काय होतंय म्हणालात?" की समोरचा चिडलाच. दर चौथ्या माणसागणिक हे भांडण टिंबीनं ऐकलं. आणखी एक गोष्ट तिनं ऐकली. टंकलेखनाचा आवाज चालू असताना त्या मुलीचा आवाज पडद्याच्या दिशेनं यायचा नाही, समोरच्या माणसाच्या दिशेनं यायचा. म्हणजे मुलगी पडद्याकडे बघतच नव्हती. हातानं टॅब मारत माणसाकडे बघून लिहीत होती.

टिंबीला बाकावर बसवेना. अख्खं शहर ज्या फॉर्मकडे बघून काम करतं असं समजत होतं, तो खरं तर बोटांनी आणि कानांनीच चालत होता. आणि ह्या दोन गोष्टींत तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

मंगळवारी दुपारपर्यंत तिनं फॉर्म उभा केला. वर तक्रार. मग नाव, वय, जन्मतारीख. मग फोन, पत्ता, सोबत आलेल्याचं नाव. खाली 'नोंद करा' हे बटण. टॅब दाबत गेलं की एखादा माणूस आपली हकिगत सांगतोय असं वाटायचं. भुंग्याकडून तिनं तो वीस वेळा वाचून घेतला आणि वीसही वेळा खूश झाली. आता तो कोणीतरी डोळ्यांनी बघायला हवा होता.

त्यासाठी ऑफिसात कासव होता. तपासनीस. हळूहळू चालणारा, हळूहळू बोलणारा आणि दुसऱ्याच्या कामातली चूक अशी शोधून काढणारा की लोक त्याला बघून रस्ता बदलायचे. तो टिंबीच्या मागे येऊन उभा राहिला.

"छान आहे," कासव म्हणाला.

"बस?"

"छान आहे की. खरंच छान."

साहेब आले. तेही छान म्हणाले. पलीकडच्या टेबलावरची दोघं आली. त्यांनी फार छान म्हटलं.

आता इथे टिंबीला शंका आली. कासव आयुष्यात कोणाला छान म्हणाला नव्हता. हे लोक फॉर्मला छान म्हणतायत की मला? लहानपणी तिनं काढलेल्या कुठल्याही रेघोट्यांना पाहुणे असंच म्हणायचे, त्याच मऊ आवाजात. तो आवाज ती शंभर आवाजांतून ओळखेल आणि तिला तो अजिबात आवडत नाही.

तिनं एक उद्योग केला. जन्मतारखेचा रकाना उचलून चाळीस पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चाळीस ठिपके, उजवीकडे आणि पंधरा खाली नेऊन ठेवला. तिरका, ओळीबाहेर, शेजारच्या अक्षरांना धडकलेला. मग कासवाला पुन्हा हाक मारली. "थोडी सुधारणा केलीय. बघ ना."

कासवानं बघितलं. "हां. आता आणखी छान."

"जन्मतारीख सरळ आहे?"

"एकदम."

"ती मी मुद्दाम तिरकी ठेवलीय, कासवा. चाळीस पिक्सेल."

मग कासव पुटपुटला, "मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"तू बाकी सगळ्यांना रडवतोस."

"त्यांचं वेगळं..."

"का वेगळं?" टिंबीला राग आला होता आणि तिनं तो लपवला नाही. "परवा त्या बाईंसमोर मी तोंडघशी पडले तर मला वाईट वाटणार नाही होय? तुझ्या डोळ्यांचा मला काय उपयोग मग?"

कासव हळूहळू आपल्या जागेवर गेला. त्या दिवशी त्याच्या टेबलावरून चहाच्या कपाचासुद्धा आवाज आला नाही.

टिंबी लॅपटॉप घेऊन पाच वाजताच घरी गेली. तिच्या माहितीत खरं बोलणारे डोळे एकाच माणसाला होते. त्या डोळ्यांना आता जाड भिंगाचा चष्मा लागत होता, पण तोंड पूर्वीसारखंच होतं. बाबांनी एकतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले होते. शाळेचे दाखले, इस्पितळाचे केसपेपर, पावत्या, सगळे फॉर्म त्यांनी शिशाचं एकेक अक्षर ओळीत बसवून रचले होते. मग कॉम्प्युटर आले आणि छापखाना बंद पडला. "कॉम्प्युटरनं माझी नोकरी खाल्ली आणि माझ्या मुलीला नेऊन दिली," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि आई आतून म्हणायची, "घरातच राहिली ना, मग झालं."

बाबांनी पडद्याला नाक लावलं. टिंबीनं जन्मतारीख तिरकीच ठेवली होती, मुद्दाम.

"ही जन्मतारीख कुठे चाललीय पायऱ्या उतरून?"

टिंबीचा जीव भांड्यात पडला. "आणखी?"

"आणखी काय, सगळाच आनंद आहे. एकाच्या डोक्यावर एक बसवलेत. श्वास घ्यायला जागा नाही. नाव कुठे संपतं आणि फोन कुठे सुरू होतो, काही कळत नाही. असा फॉर्म मी नेला असता तर आमच्या मालकांनी माझ्या डोक्यावर आपटला असता."

"भुंगा वाचतो तेव्हा तर सगळं सुटं सुटं ऐकू येतं."

"तो भुंगा रिकामी जागा वाचतो का?"

टिंबी थबकली. नाही. भुंगा एका रकान्यावरून दुसऱ्यावर जातो. मधे चार पिक्सेल आहेत की चारशे, त्याला देणंघेणं नाही. सहा वर्षांत तिनं कधी रिकामी जागा ऐकली नव्हती. तिच्या हिशेबात ती नव्हतीच.

बाबा उठले, खाटेखाली वाकले, बराच वेळ खुडबुड केली आणि एक जड डबा आणून टेबलावर आपटला. "हात घाल."

आत शिशाचे तुकडे होते. गुळगुळीत. ना काना ना मात्रा.

"हे कोरे खिळे. अक्षरांपेक्षा बुटके, म्हणून ह्यांना शाई लागत नाही. दोन शब्दांत, दोन ओळींत हे भरावे लागायचे. नाहीतर सगळी ओळ सैल पडून गडगडायची. कागदावर तुम्हाला जिथे काही दिसत नाही ना, तिथे मी काहीतरी बसवलेलं असायचं, आणि ते बसवायला अक्षरांइतकाच वेळ लागायचा."

टिंबी तुकडे चाचपत राहिली. पातळ, जाड, त्याहून जाड. रिकामी जागा तिच्या बोटांत आली होती. तिला एकदम हसू फुटलं आणि थांबेचना. आई बाहेर येऊन बघून गेली.

मग त्या दोघांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यांचे रकाने केले आणि मधे कोरे खिळे घातले. पातळ तुकडा म्हणजे आठ पिक्सेल, जाड म्हणजे सोळा. टिंबी बोटं फिरवायची, बाबा म्हणायचे, "इथे दम घे," ती एक तुकडा आणखी घालायची. "नाव, वय, जन्मतारीख, हे तिघं एका घरातले, ह्यांना एका ओळीत जवळ ठेव. फोन आणि पत्ता दुसरं घर. मधे अंगण सोड." आईनं ताटं कुठे मांडू असं दोनदा विचारलं आणि मग त्यांना ताटं हातात धरूनच जेवायला लावलं.

बुधवारी ऑफिसात तिनं ते सगळं फॉर्मात उतरवलं. आणि उतरवताना एक गंमत केली. दुसरा कोणी असता तर खालचा रकाना नुसता आणखी खाली ढकलला असता. टिंबीनं बाबांसारखी जागा बसवली. प्रत्येक अंगणासाठी एक कोरी पट्टी, पडद्याच्याच रंगाची, तिच्यावर काही लिहिलेलं नाही. भुंगा तिच्यावरून गपचूप पुढे जायचा. संध्याकाळी बाबांनी पडद्याला नाक लावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हं." त्या हंवर टिंबी रात्री गाढ झोपली.

गुरुवारी साहेब म्हणाले, "तू ऑफिसातच थांब. मी दाखवतो. उगाच बाईंच्या मनात शंका नको."

"फॉर्म माझा आहे, साहेब. बोलणीही मलाच खाऊ द्या."

साहेबांनी गाडीत घेतलं. कासवही मागे येऊन बसला, कोणी बोलावलं नव्हतं तरी. आणि वाटेत, अगदी वाटेत, टिंबीला राहवेना. पाय गाडीत होते पण जमिनीवर नव्हतेच. नाव आणि फोन ह्यांच्यामधलं अंगण थोडं मोठं असतं तर किती ऐसपैस वाटेल, असं तिच्या मनानं घेतलं. मांडीवर लॅपटॉप उघडून तिनं पट्टीची उंची सोळाची चाळीस केली. भुंग्याकडून फॉर्म एकदा वाचून घेतला. सगळं जिथल्या तिथे. लॅपटॉप मिटेपर्यंत इस्पितळ आलं.

काउंटरच्या मागे एक दार होतं. टिंबी काठी टेकत आत शिरली तोच एक खणखणीत आवाज आला, "पेशंटनी पुढून यायचं. अगं, ह्यांचं आधी घे, ह्यांना उभं नको ठेवूस."

"मी पेशंट नाही," टिंबी म्हणाली. "फॉर्म मी रचलाय."

हा आवाज हेडक्लार्क बाईंचा. आणि मग त्या आवाजातला खणखणाट गेला, कोणी कापूस गुंडाळावा तसा. "अरे वा. तुम्ही? कौतुक आहे हो. बसा बसा, ह्यांना खुर्ची द्या."

दोन फॉर्म फेकून देणारी बाई. तिच्या नाकावर कधी माशी बसली नव्हती म्हणतात. आता तीसुद्धा छान म्हणणार. मग पास झाला काय आणि नाही झाला काय, टिंबीला कधी कळणारच नव्हतं.

फॉर्म काउंटरच्या कॉम्प्युटरवर उघडला. बाईंनी मऊ आवाजातच सांगितलं, खऱ्या पेशंटवर बघू. पुढचा आला एक सुतार.

"बोट कापलंय हो, पटाशीनं."

काउंटरवरच्या मुलीनं लिहायला सुरुवात केली आणि टिंबी कानांत प्राण आणून ऐकू लागली. खटखट, टॅब. नाव? खटखट, टॅब. वय? जन्मतारीख? टॅब. मुलगी सुताराच्या बोटाकडे बघत विचारत होती, तिचा हात एकदाही अडला नाही, एकदाही तिनं मागे जाऊन काही पुसलं नाही. फोन? सुतारानं नंबर सांगितला, खटखट, टॅब. पत्ता. सोबत कोण? बायको. टॅब, टॅब, एंटर, आणि छापायच्या यंत्रातून चिठ्ठी सरकन बाहेर आली. टिंबीनं मनात मोजलं होतं. अठ्ठेचाळीस सेकंद. सोमवारी तिनं बाकावरून मोजले होते तेव्हा दोन मिनिटांच्या आत एकही माणूस सुटला नव्हता. तिला ओरडावंसं वाटलं.

"अय्या," मुलगी म्हणाली, "झालंसुद्धा?"

"टिंबी," मागून कासवाचा आवाज आला. "फोनचा रकाना दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे पडद्यावर नाहीच. नाव-वयाच्या ओळीखाली नुसतं कोरं आहे, मग एकदम पत्ता. चिठ्ठीवर नंबर छापून आलाय, पण पडद्यावर रकानाच नाही."

मुलगी म्हणाली, "पण मी तर भरला." सगळे पडद्याकडे वाकले असावेत, खुर्च्या सरकल्या.

साहेब घाईघाईनं म्हणाले, "इथला कॉम्प्युटर जरा जुना आहे, त्यामुळे कदाचित..."

टिंबीला तोवर कळलं होतं. "कॉम्प्युटरचा काही दोष नाही. चूक माझी आहे. येताना गाडीत मी कोरी पट्टी मोठी केली आणि तिच्याखालच्या ओळी खाली सरकवायला विसरले. पट्टी फोनच्या रकान्यावर बसलीय. रकाना आहे, बोटांना लागतो, मला ऐकूही येतो. फक्त तुम्हाला दिसत नाही."

एवढं ऐकून बाई आणखीच मऊ झाल्या. "असू दे हो, त्यात काय. मुलीला भरता आला ना? आम्ही घेऊ चालवून."

बस. टिंबीला तो फॉर्म तोंडावर फेकलेला चालला असता, हे चालणार नव्हतं.

"चालवून घेऊ नका," ती म्हणाली. "बाई, हीच चूक त्या आधीच्या माणसानं केली असती तर?"

"त्याला?" बाईंच्या तोंडून निघून गेलं, "त्याला दारात उभं केलं नसतं मी."

"मग मलाही उभी करू नका. नाहीतर दहा मिनिटं द्या."

साहेबांनी श्वास आत घेतलेला सगळ्यांना ऐकू आला. पलीकडे सुतार, बोट वर धरून, जायचं विसरून उभा होता.

"दहा म्हणजे दहा," बाई म्हणाल्या. आवाजातला कापूस थोडा निघाला होता.

टिंबीनं तिथल्या तिथे काउंटरच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. हेडफोन शोधत बसायला वेळ नव्हता. भुंगा मोठ्यानं सुरू झाला आणि अख्खं दालन गप्प झालं. "सोळाचे चाळीस केले, म्हणजे चोवीस वाढले," टिंबी स्वतःशीच बोलत होती, बोटं धावत होती. "फोन दोनशे बाराचा दोनशे छत्तीस. त्याच्या शेजारचं लेबलही तेवढंच खाली. पत्ता दोनशे बावन्नचा दोनशे शहात्तर." एकही आकडा तिनं शोधला नाही. सगळा फॉर्म जेवणाच्या टेबलावर मांडल्यासारखा तिच्या बोटांखाली होता. कॉपी केला, काउंटरवर उघडला. "कासवा, बघ. आणि खरं सांग."

"फोन दिसला." थोडं थांबून, "पण खालचं बटण कापलं गेलंय."

"किती?"

"तिसरा हिस्सा. दहा असतील."

"मग पट्टी तीसची करते. ऐसपैसपणा बाईंच्या पडद्याला परवडत नाहीये." पुन्हा सगळे आकडे, दहा दहा उणे, ह्या वेळी कुठलीही ओळ न विसरता. "आता?"

"आता पूर्ण दिसतंय. लेबलं मात्र रकान्यांना फार चिकटलीत. मंगळवारीच दिसलं होतं मला."

"मंगळवारी का नाही बोललास?"

"आता बोललो ना."

टिंबी हसली आणि लेबलं चार पिक्सेल डावीकडे घेतली. मुलीनं मोठ्यानं सांगितलं, सात मिनिटं झाली.

मग हेडक्लार्क बाईंनी मुलीला उठवलं आणि स्वतः बसल्या. तीन पेशंट घेतले. एक ताप, एक पाय, एक बाळंतपणाची तारीख. टिंबीला फक्त टॅब ऐकू येत होते, आधी जपून, मग वेगानं, मग त्या मुलीपेक्षाही वेगानं. तिसऱ्यानंतर बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"पत्त्याचा रकाना तोकडा आहे," त्या म्हणाल्या. आवाज लख्ख, खणखणीत, दालनाच्या टोकापर्यंत जाणारा. "लोक पत्ता सांगत नाहीत, रस्ता सांगतात. औषधालयाच्या मागे, जिना चढून डावीकडे. तीन ओळी हव्यात. लिहून घेताय ना?"

"घेतेय," टिंबी म्हणाली.

"दोन. वय लिहिल्यावर जन्मतारीख कशाला विचारता? अर्ध्या लोकांना ठाऊक नसते. तीन, तान्ह्या मुलाचं वय महिन्यांत लिहिता येत नाही. एवढंसुद्धा सुचू नये? चार, सोबत आलेल्याचा फोन. पेशंट बेशुद्ध असेल तर काय त्याला उठवून नंबर विचारू?"

साहेब मधे पडले, "बाई, हा त्यांचा पहिलाच फॉर्म आहे, त्यामुळे..."

"तुम्ही थांबा हो. मी ह्यांच्याशी बोलतेय," बाई म्हणाल्या. "तक्रार वर घेतली हे डोकं कोणाचं? ह्यांचंच ना? मग बाकीचे नऊ फॉर्मही ह्यांनीच करायचे, दुसरा माणूस मला पाठवू नका. पाच, हे सगळं सोमवारी सकाळी हवं, सोमवारी दुपारी चालणार नाही. सहा, ते 'नोंद करा' बटण इतकं इवलंसं कोणासाठी केलंत?"

बाई श्वास घ्यायला थांबल्या. टिंबीनं सहावा मुद्दा लिहून पूर्ण केला, गालावर ओघळलेलं मनगटानं पुसलं आणि मान वर केली.

"पुढे?" ती म्हणाली.